हात जपायचा की तयार करायचा?

राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कर्करोग उपचारांचं सर्वंकष धोरण मंजूर केलं. १८ रुग्णालयांची तीन स्तरांची साखळी उभी करायची, तिच्या शिरोभागी मुंबईचं टाटा मेमोरियल रुग्णालय ठेवायचं आणि रुग्णाला शक्यतो घराजवळ उपचार द्यायचे, अशी ही कल्पना आहे. शालिमार इथलं आपलं विभागीय संदर्भ सेवा रुग्णालय या साखळीत दुसऱ्या स्तरावर आहे. सुरगाणा, पेठ, कळवणहून येणाऱ्या रुग्णांसाठी ही मोठी गोष्ट आहे. अशा वेळी यंत्रं किती येणार, खाटा किती वाढणार, तज्ज्ञ कधी मिळणार, याची चर्चा होते आणि व्हायलाच हवी. पण ज्याला महागडं यंत्र लागत नाही, अशा एका उपचाराचा या चर्चेत उल्लेखही होत नाही. तो म्हणजे स्तनाच्या कर्करोगावरचे उपचार चालू असतानाच करायचा व्यायाम.

हा प्रश्न मूठभर बायकांचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना नव्याने स्तनाचा कर्करोग झाला आणि सुमारे ९८ हजार जणी दगावल्या. आपल्याकडे हा आजार पाश्चात्त्य देशांच्या तुलनेत कमी वयात गाठतो. म्हणजे ऑपरेशन, केमोथेरपी, रेडिएशन या फेऱ्यांतून जाणारी बाई अनेकदा घर, नोकरी किंवा शेत सांभाळणारी असते. उपचार संपल्यावर तिला पुन्हा त्याच कामाला लागायचं असतं.

अशा बाईला घरी आल्यावर सगळ्यात जास्त वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे ‘आता हात जपायचा’. सांगणाऱ्याच्या मनात माया असते, आणि या सल्ल्यामागे एकेकाळी वैद्यकीय कारणही होतं. स्तनाच्या ऑपरेशनबरोबर काखेतल्या लसिका ग्रंथी काढाव्या लागतात, तेव्हा हातातला द्रव परत वाहून नेणाऱ्या वाटा कमी होतात. द्रव साठून हातावर कायमची सूज येऊ शकते. बांगडी घट्ट होते, ब्लाउजची बाही रुतते, हात जड वाटतो. जोर लावला तर सूज वाढेल या भीतीने डॉक्टरही वर्षानुवर्षं सांगत आले, की त्या हाताने वजन उचलू नका.

या समजुतीला पहिला धक्का दिला तो कॅनडातल्या व्हँकुव्हरमध्ये. १९९६ साली तिथले क्रीडावैद्यक तज्ज्ञ डॉन मॅकेन्झी यांनी स्तनाच्या कर्करोगातून गेलेल्या २४ स्त्रियांना चक्क वल्हवायला बसवलं. लांब होडीत बसून जोराने वल्ही मारणं म्हणजे खांदा आणि दंडाचा कस काढणारं काम. त्या हंगामात एकीच्याही हातावर नव्याने सूज आली नाही. हा प्रयोग लहान होता, तुलनेला दुसरा गट नव्हता, त्यामुळे त्यावरून नियम करता येत नव्हता. नियम करण्याजोगा पुरावा २००९ मध्ये आला. अमेरिकेत कॅथरीन श्मिट्झ यांच्या गटाने हातावर आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया घेतल्या. निम्म्यांना आठवड्यातून दोनदा, अगदी हलक्यापासून सुरुवात करून हळूहळू वजन उचलायला शिकवलं, व्यायामाच्या वेळी दाब देणारी बाही घालायला दिली. वर्षभरानंतर हाताचा घेर वाढलेल्या बायकांचं प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखंच होतं. सूज एकदम बळावण्याचं प्रमाण मात्र वजन उचलणाऱ्यांत १४ टक्के आणि न उचलणाऱ्यांत २९ टक्के निघालं. पुढच्याच वर्षी सूज नसलेल्या, पण धोका असलेल्या १५४ स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातही वजन उचलल्याने सूज येण्याचं प्रमाण वाढलं नाही.

नाशिक जिल्ह्यासाठी या आकड्यांचा अर्थ फार व्यावहारिक आहे. पंधरा लिटर पाण्याने भरलेला हंडा भांड्याचं वजन धरून पंधरा किलोच्या वर जातो. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागेत काम करणाऱ्या बाईचे हात तासन्‌तास डोक्याच्या वर असतात. तिला ‘आयुष्यभर वजन उचलू नकोस’ असं सांगणं म्हणजे तिला न पाळता येणारा सल्ला देणं. ती दोन-चार महिने हात जपते, खांदा आखडतो, स्नायू बारीक होतात आणि मग एके दिवशी तोच अशक्त हात थेट हंड्याला किंवा क्रेटला लागतो. तिच्यापुढचा खरा पर्याय तयार केलेल्या हाताने उचलणं की बिनतयारीच्या हाताने उचलणं, हा आहे. ‘घरकाम करतेच की, वेगळा व्यायाम कशाला?’ या नेहमीच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. घरकाम बाईच्या ताकदीप्रमाणे कमी-जास्त होत नाही. व्यायाम मोजून दिला जातो आणि पायरीपायरीने वाढवला जातो.

ही तयारी कधी सुरू करायची? ब्रिटनमधल्या १७ केंद्रांत झालेल्या एका चाचणीत खांद्याचा त्रास होण्याची शक्यता जास्त असलेल्या ३९२ स्त्रिया होत्या. त्यातल्या एका गटाला ऑपरेशननंतर सात ते दहा दिवसांतच फिजिओथेरपिस्टने ठरवून दिलेले व्यायाम सुरू केले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वर्षभराने त्यांच्या हाताची हालचाल नुसतं माहितीपत्रक दिलेल्या गटापेक्षा चांगली होती, आणि आरोग्य सेवेवरचा खर्चही वाढला नव्हता. माहितीपत्रक हातात देणं आणि समोर उभं राहून शिकवणं, यातला फरक इथे मोजून दाखवला गेला.

केमोथेरपीच्या काळातला प्रश्न थोडा वेगळा आहे. या काळातला थकवा झोपेने जात नाही. थकवा येतो म्हणून बाई पडून राहते, पडून राहिल्याने स्नायू झिजतात, स्नायू झिजले की जिना चढणंही अवघड होतं आणि थकवा वाढतो. व्यायाम हे चक्र तोडतो. कॅनडातल्या तीन केंद्रांत केमो चालू असलेल्या २४२ स्त्रियांवर झालेल्या चाचणीत वजनाचे व्यायाम करणाऱ्यांना ठरलेल्या केमोच्या सरासरी ८९.८ टक्के मात्रा मिळाली, नेहमीचे उपचार घेणाऱ्यांना ८४.१ टक्के. जीवनमानाच्या मोजणीत मात्र ठळक फरक दिसला नाही, हेही सांगायला हवं. आजार शरीरात इतरत्र पसरलेल्या स्त्रियांनाही फायदा होतो का, हे पाहायला युरोपातले पाच देश आणि ऑस्ट्रेलिया मिळून ३५७ जणींवर काम झालं. आठवड्यातून दोनदा, नऊ महिने, देखरेखीखाली व्यायाम. २०२४ मध्ये आलेल्या निष्कर्षांत थकवा कमी आणि जीवनमान चांगलं असल्याचं दिसलं. हा सगळा पुरावा पाहूनच अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२२ मध्ये मार्गदर्शक सूचना काढली: बरं करण्याच्या उद्देशाने उपचार चालू असतील, तर त्या काळात चालण्यासारखा आणि ताकदीचा, असा दोन्ही प्रकारचा व्यायाम सुचवावा.

आता ज्या प्रश्नाकडे प्रत्येक घर डोळे लावून बसलेलं असतं तो. व्यायामाने आजार परत येणं टळतं का? इथे बातमी नीट वाचावी लागते. टाटा मेमोरियलच्या डॉ. नीता नायर यांनी डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतल्या सॅन अँटोनियोच्या परिषदेत योगाभ्यासाच्या चाचणीचे निष्कर्ष मांडले. स्तनाचा कर्करोग असलेल्या ८५० भारतीय स्त्रिया, उपचारांच्या टप्प्यांप्रमाणे आखलेली सौम्य आसनं आणि प्राणायाम. आजारमुक्त राहण्यात १५ टक्के सुधारणा, असे मथळे सर्वत्र झळकले. आपल्याच बायकांवर, आपल्याच रुग्णालयात एवढी मोठी चाचणी झाली, हे महत्त्वाचं आहेच. पण १५ टक्क्यांचा फरक योगायोगाचा नाही, असं ठामपणे म्हणायला ८५० ही संख्या पुरत नाही. योगाने उपचारांचा काळ सुसह्य होतो, एवढं घट्ट धरावं. आयुष्य वाढतं हे अजून सिद्ध व्हायचं आहे. आतड्याच्या कर्करोगात मात्र जून २०२५ मध्ये भक्कम उत्तर मिळालं. केमोनंतर तीन वर्षं आखून दिलेला व्यायाम करणाऱ्यांपैकी ८०.३ टक्के रुग्ण पाच वर्षांनी आजारमुक्त होते, तर फक्त आरोग्यविषयक माहिती दिलेल्या गटात हे प्रमाण ७३.९ टक्के होतं. त्या चाचणीत ८८९ रुग्ण होते. ते उत्तर स्तनाच्या कर्करोगाला जसंच्या तसं लावता येत नाही. आणि एक गोष्ट तर कधीच विसरू नये: यातल्या कुठल्याही चाचणीत व्यायाम केमोच्या किंवा ऑपरेशनच्या ऐवजी दिलेला नव्हता. ‘औषधं सोडा, योग करा’ असं सांगणाऱ्याच्या दारात उभं राहू नये.

मग मात्रा किती? अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्‌स मेडिसिनने २०१९ मध्ये दिलेलं प्रमाण लक्षात ठेवायला सोपं आहे: आठवड्यातून तीनदा, तीस मिनिटं, मध्यम वेगाचा व्यायाम आणि दोनदा ताकदीचा व्यायाम, निदान बारा आठवडे. मध्यम वेग म्हणजे चालताना शेजारणीशी बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. तीस मिनिटं एकदम जमत नसतील, तर दहा-दहा मिनिटांचे तीन तुकडे चालतात. केमोनंतरचे पहिले काही दिवस अंगणात फेऱ्या मारल्या तरी पुरे. पुढची केमो जवळ येईपर्यंत वेळ वाढवत न्यावा. ताकदीसाठी जिमच लागते असं नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीला तळवे टेकून दंड वाकवणं, अर्धा लिटर पाण्याची बाटली उचलून सुरुवात करणं, हे घरात होतं. कृषीनगरचा ट्रॅक किंवा गोल्फ क्लबचं मैदान गाठता आलं तर उत्तम. केस गेल्यामुळे लोकांत जायला संकोच वाटत असेल, तर गच्ची आहे.

मात्र परदेशी आकडे जसेच्या तसे उचलू नयेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९ ते २०२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. आधीच रक्त कमी, त्यात केमो. म्हणून प्रत्येक केमोआधी होणाऱ्या रक्ततपासणीचा कागद घेऊन ‘या आठवड्यात मी किती चालू?’ असं डॉक्टरांना विचारावं. ताप, छातीत दुखणं, धाप, चक्कर, रक्तस्राव असेल त्या दिवशी व्यायाम बंद आणि फोन डॉक्टरांना. आजार हाडांत गेला असेल, केमोमुळे हृदयावर परिणाम झाला असेल, दंडात किंवा छातीत औषधाची नळी बसवली असेल, तर कुठला व्यायाम करायचा आणि कुठला टाळायचा हे तज्ज्ञानेच ठरवावं. बांगडी नेहमीपेक्षा घट्ट वाटली, तर वजन वाढवायचं थांबवून हात दाखवावा.

हे सगळं शिकवणार कोण, हा शेवटी धोरणाचा प्रश्न आहे. राज्यभरातल्या फिजिओथेरपी महाविद्यालयांना संलग्नता देणारं आणि त्यांच्या परीक्षा घेणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला, आपल्याच शहरात आहे. मनुष्यबळ घडवणारी संस्था आणि कर्करोगाचं दुसऱ्या स्तरावरचं केंद्र एकाच गावात असणं ही नाशिकची जमेची बाजू. शिकवण्याची वेळही शोधत बसायला नको. केमोसाठी बाई साधारण दोन-तीन आठवड्यांनी येते आणि काही तास तिथेच असते. रेडिएशनसाठी तर ती तीन ते पाच आठवडे, सोमवार ते शुक्रवार रोज येते. रोजच्या या फेरीला अर्ध्या तासाचा व्यायामवर्ग जोडला, तर सुरगाण्याच्या बाईला त्यासाठी वेगळं बसभाडं पडणार नाही, आणि गावी परतताना ती व्यायाम अंगवळणी पाडूनच जाईल.

यासाठी केमोच्या कक्षात एका फिजिओथेरपिस्टची कायमची नेमणूक हवी. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत शस्त्रक्रिया, केमोथेरपी आणि रेडिएशनची पॅकेजेस ठरलेली आहेत. व्यायाम शिकवण्याच्या तासालाही तशी किंमत ठरवून दिली, तर खासगी रुग्णालयंही तो तास गंभीरपणे घेतील. ज्या कामाचे पैसे मिळत नाहीत ते काम गर्दीच्या ओपीडीत सगळ्यात आधी गळतं, हे कुठल्याही परिचारिकेला विचारा.

तोवर वाट पाहायची गरज नाही. घरात कुणाचे उपचार चालू असतील, तर पुढच्या भेटीत गोळ्यांच्या यादीबरोबर डॉक्टरांकडून आणखी एक ओळ लिहून घ्या: कोणता व्यायाम, किती वेळ, आठवड्यातून किती दिवस आणि कधी थांबायचं. ‘थोडं चालत जा’ एवढ्यावर समाधान मानू नका. गोळी कुणी ‘थोडी घेत जा’ म्हणून देत नाही.