चित्र अडखळते, हप्ता मात्र कॉम्प्युटरचा

व्हिडिओ शूटिंग, साउंड आणि मंडपाचा धंदा करणारे अनेक बांधव हे पान वाचतात. २०२० साली टाळेबंदीत लग्नाला ५० पाहुण्यांची मर्यादा आली आणि त्यांच्या धंद्यात निकाहच्या थेट प्रक्षेपणाचे नवे काम शिरले. मर्यादा उठली, काम टिकले. दुबईला नोकरीस असलेल्या भावाला रजा मिळत नाही, तो फोनवर निकाह पाहतो. वरच्या मजल्यावर बसलेल्या महिलांनाही पडद्यावर तेच चित्र हवे असते. कामाला पैसा बरा आहे. परंतु चित्र अडखळले की गिऱ्हाईक बिलातून रक्कम कापते, आणि आपला कारागीर घाबरून हप्त्यावर नवा कॉम्प्युटर उचलतो. या हप्त्यांविषयीच आम्हांला लिहायचे आहे. बहुतेक वेळा दोष कॉम्प्युटरचा नसून दोन कॉम्प्युटरांच्या मधल्या रस्त्याचा असतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मांडणी या धंद्यातल्या सर्वांना ठाऊक आहे. स्टेजजवळच्या कॉम्प्युटरवर दोन-तीन कॅमेऱ्यांचे मिक्सिंग होते. तेथून चित्र दुसऱ्या कॉम्प्युटरकडे जाते. तो ते इंटरनेटवर सोडतो आणि महिलांच्या हॉलातील पडद्यालाही देतो. चित्र पाठविण्यासाठी बरेच जण एनडीआय वापरतात. न्यूटेक कंपनीने २०१५ साली ही पद्धत आणली. ती फुकट मिळते, म्हणून पसरली. पण फुकटच्या या पाहुण्याला जागा किती लागते, हे फार थोडे जण विचारतात.

हिशेब सोपा आहे. १९२० बाय १०८० च्या एका चित्रात २० लाख ७३ हजार ६०० ठिपके असतात. दर ठिपक्याला २४ बिट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर सेकंदाला सुमारे १२४ कोटी बिट होतात. एनडीआय हा माल दाबून लहान करते. तरीही पूर्ण दर्जाच्या चित्राला सेकंदाला १०० मेगाबिटच्या घरात जागा लागते. सेकंदाला ५० किंवा ६० चित्रे असली, तर हा आकडा सव्वाशेच्या पुढेही जातो. आता आपल्या पेटीतला जुना स्विच उलटा करून पाहावा. त्यावर १०/१०० लिहिलेले असेल, तर त्यातून १०० मेगाबिटपेक्षा जास्त जाणारच नाही. अरुंद पुलावर रुंद ट्रक घातल्यावर ट्रकच्या इंजिनाला दोष देण्यात काय अर्थ आहे? पाच तोंडांचा गिगाबिट स्विच हजार-दीड हजार रुपयांच्या आसपास मिळतो. नव्या कॉम्प्युटरच्या एका हप्त्यातही याहून जास्त पैसे जातात.

स्विच चांगला असूनही वायर घात करते, आणि हा घात लवकर लक्षात येत नाही. नेटवर्कच्या वायरीत आठ तारा, म्हणजे चार जोड्या असतात. १०० मेगाबिटला दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. क्रिंपिंग करताना एखादी तार नीट बसली नाही, किंवा लग्नात कोणी खुर्चीचा पाय वायरीवर ठेवला, तर जोडणी बंद पडत नाही. ती गुपचूप १०० वर उतरते. दिवा लुकलुकत राहतो आणि आपल्याला वाटते, सर्व ठीक आहे. म्हणून विंडोजमध्ये इथरनेट ॲडॅप्टरचे स्टेटस उघडून स्पीड पाहावा. तेथे १.० जीबीपीएस दिसले पाहिजे. १०० एमबीपीएस दिसले तर आधी वायर बदलावी, बाकी चर्चा नंतर. बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर कॅट ६ म्हणून सर्रास विकली जाते. ब्लेडने तार खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो. विकत घेताना ही परीक्षा दुकानातच करावी. दुकानदाराला वाईट वाटले तर वाटू द्यावे. चांगली वायरसुद्धा १०० मीटरपर्यंतच भरवशाची असते.

वायफायबद्दल आमचे मत अनेकांना पटणार नाही. मंडपवाल्याला वायर दिसलेली चालत नाही, गिऱ्हाईकालाही नाही, आणि वायरलेस म्हटले की काम आधुनिक वाटते. पण वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच यंत्र बोलू शकते, बाकीची थांबतात. दुपारी रिकाम्या हॉलात केलेली चाचणी उत्तम निघते. संध्याकाळी तीनशे पाहुणे खिशात तीनशे फोन घेऊन येतात आणि चित्र अडखळू लागते. मग दुसऱ्या कॉम्प्युटरवर बसलेल्या पोरावर सगळे ओरडतात. त्याचा काय गुन्हा? मंडपवाल्या भाईंशी आदल्या दिवशी बोलून पडद्याच्या कापडामागून वायर न्यावी. हॉलात हे खरोखरच अशक्य असेल, तर एनडीआयचा एचएक्स प्रकार वापरावा. त्याला जागा पुष्कळ कमी लागते. मात्र चित्र थोडे अधिक मागे पडते, हे गृहीत धरावे.

कॉम्प्युटर खरोखर दोषी असतो तेव्हा तो स्वतःच कबुली देतो. ओबीएसमध्ये स्टॅट्सची खिडकी उघडावी. रेंडरिंगमध्ये चित्रे गळत असतील तर ग्राफिक्स कार्डावर भार आहे. एन्कोडिंगमध्ये गळत असतील तर चित्र दाबण्याचे काम त्या यंत्राला झेपत नाही. नेटवर्कच्या नावाखाली गळत असतील तर बाहेर जाणारे इंटरनेट कमी पडते आहे. तिन्ही ठिकाणी शून्य असूनही चित्र अडखळते आहे काय? मग दोष आधीच्या टप्प्यात, म्हणजे मधल्या रस्त्यात किंवा पहिल्या कॉम्प्युटरवर शोधावा. ही खिडकी न उघडता नवे कार्ड घेणे म्हणजे नाडी न पाहता ऑपरेशन करणे होय. लॅपटॉप असेल तर तो बॅटरीवर चालवू नये. वीज वाचविण्यासाठी तो स्वतःहून मंद होतो.

अडखळण्याचा एक प्रकार तर लॅग नसतोच. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्याने दिवे लुकलुकू नयेत म्हणून कॅमेरे २५ किंवा ५० वर ठेवले जातात. ओबीएस मात्र मूळचे ३० वर असते. २५ ची ३० करताना सेकंदाला पाच चित्रे दोनदा दाखवावी लागतात आणि हालचाल नियमितपणे झटके खाते. वधूवर स्टेजवर चालत येताना हे लगेच दिसते. ओबीएसमध्ये ३० च्या जागी २५ लिहिले की झटके जातात. याला एक पैसाही लागत नाही.

उशीर किती आहे हे अंदाजाने सांगू नये, मोजावे. फोनवर मिलिसेकंदांचे घड्याळ चालू करून कॅमेऱ्यासमोर धरावे आणि तो फोन व दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा यांचा एकत्र फोटो काढावा. दोन आकड्यांतील फरक म्हणजे उशीर. २५ च्या हिशेबाने एक चित्र ४० मिलिसेकंदांचे होते, म्हणून थोडा उशीर राहणारच. फरक कायम एकच असेल तर काळजी नाही. दर दहा मिनिटांनी तो वाढत असेल, तर पुढचे यंत्र आलेला माल वेळेत उचलत नाही असे समजावे.

महिलांच्या हॉलात हा उशीर जास्त खुपतो. काजीसाहेबांचा आवाज लाऊडस्पीकरवरून सरळ येतो, चित्र मागाहून येते. नवरदेवाचे ‘कुबूल है’ आधी ऐकू येते आणि ओठ नंतर हलतात. मोजलेला फरक साउंडवाल्याला सांगून तितकाच उशीर त्या हॉलाच्या आवाजाला द्यावा. डिजिटल मिक्सरवर ही सोय असते. इंटरनेटवर जाणाऱ्या आवाजासाठी तशीच सोय ओबीएसमध्ये आहे.

दोन्ही कॉम्प्युटर एकाच टेबलावर असतील तर नेटवर्क हवेच कशाला? एचडीएमआय वायर आणि कॅप्चर कार्ड पुरे. कार्ड यूएसबी ३ च्या तोंडात लावावे, म्हणजे झाले. पुष्कळ ठिकाणी तर दुसऱ्या कॉम्प्युटरचीही गरज नसते. ग्राफिक्स कार्डातच चित्र दाबण्याचे यंत्र असते आणि एक कॅमेरा, दोन कॅमेरे असलेले लग्न एकच कॉम्प्युटर निभावून नेतो.

आता दराविषयी. आदल्या दिवशी हॉलात जाऊन वायर टाकणे, स्पीड पाहणे, उशीर मोजणे हे तीन तासांचे काम आहे. आपले कारागीर ते फुकट करतात किंवा करीतच नाहीत. ते बिलात वेगळ्या ओळीवर लिहावे आणि त्याचे पैसे घ्यावेत. गिऱ्हाईक घासाघीस करील, पण फुकट करावयाचे काम पहिल्यांदा टाळले जाते, हा आपल्या सर्वांचा अनुभव आहे. बुकिंगच्या कागदावर आणखी एक ओळ असावी. यूट्यूबवर चित्र काही सेकंद, कधी अर्धा मिनिटही उशिराने दिसेल, त्याचा हॉलातील पडद्याशी संबंध नाही. त्याखाली सही घ्यावी. फोनवर यूट्यूब लावून पडद्याशी ताडून पाहणारे एखादे मामू प्रत्येक लग्नात असतातच.