पवनाकाठचा खटला आणि आपल्या वस्तीतली प्रकरणे

सुशांतसिंह राजपूत मृत्यू प्रकरणात सीबीआयने मार्च 2025 मध्ये तपास बंद करण्याचा अहवाल न्यायालयात सादर केला. घातपाताचा पुरावा नाही आणि रिया चक्रवर्ती यांनी त्यांना आत्महत्येस प्रवृत्त केल्याचेही आढळले नाही, असा या अहवालाचा आशय माध्यमांत आला. अहवाल स्वीकारायचा की नाही, हे न्यायालय ठरवेल. पण 2020 च्या पावसाळ्यात ज्या वाहिन्यांनी रोज रात्री हा खटला चालवून निकालही देऊन टाकला होता, त्यांच्या पडद्यावरून ही बातमी एक-दोन दिवसांत नाहीशी झाली.

सिनेसृष्टीतल्या या प्रकरणाशी बौद्ध तरुणांचा काय संबंध, असे कुणी विचारेल. आमचे उत्तर असे की, त्या चार महिन्यांत या देशात न्याय कुणासाठी मागितला जातो, आरोपी कोण ठरवते आणि कुणाच्या मरणाला कॅमेरा मिळत नाही, हे सगळे एकाच वेळी उघडे पडले. आणि त्यातला एक धागा आपल्या मावळातून जातो.

पवना धरणावरचे कॅमेरे

सुशांत यांचा मृत्यू 14 जून 2020 रोजी मुंबईत वांद्रे येथे झाला. 25 जुलैला त्यांच्या वडिलांनी पाटण्यात गुन्हा नोंदवला. 19 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने तपास सीबीआयकडे सोपवला. पुढे अमली पदार्थांचा मुद्दा आला आणि एनसीबीचे पथक सप्टेंबरमध्ये लोणावळ्याजवळ पवना धरणाच्या काठावरील फार्महाऊसवर पोहोचले. सुशांत तिथे येऊन राहत असत. पथकापाठोपाठ वाहिन्यांच्या गाड्या आल्या. फार्महाऊसची देखभाल करणारे आणि धरणात नाव चालवणारे कष्टकरी अचानक देशभराच्या पडद्यावर दिसू लागले. इथे कोण यायचे, पार्ट्या व्हायच्या का, कोण काय ओढायचे, एवढेच त्यांना विचारले गेले. तुझे घर कुठे, तुला पगार किती, लॉकडाऊनमध्ये चूल कशी पेटली, हे विचारायला कुणी आले नव्हते.

ज्या पाण्यावर ही फार्महाऊस उभी राहिली, त्या पाण्याखाली गावे गेली आहेत. पवना धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा प्रश्न अर्धशतक उलटूनही संपलेला नाही. पवनेचे पाणी बंद जलवाहिनीतून पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेला विरोध करणाऱ्या शेतकऱ्यांवर 9 ऑगस्ट 2011 रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात तिघांचा जीव गेला, त्यात एक महिला होती. 2020 च्या ऑगस्टमध्ये त्या गोळीबाराला 9 वर्षे झाली. त्या महिन्यात देशाची नजर मावळाकडे वळत होती, ती एका फार्महाऊसमुळे.

मालिकेची पटकथा बातम्यांत

या खटल्यात एक नाव वारंवार घेतले गेले, ते अंकिता लोखंडे यांचे. 2009 मध्ये झी टीव्हीवर सुरू झालेल्या ‘पवित्र रिश्ता’ या मालिकेत त्या अर्चना होत्या आणि सुशांत मानव. मुंबईच्या चाळीतल्या मराठी कुटुंबांची ती गोष्ट घराघरांत पाहिली गेली, आपल्या वस्त्यांतही. पडद्यावरची ही जोडी प्रत्यक्षातही काही वर्षे एकत्र होती आणि 2016 मध्ये वेगळी झाली. मृत्यूनंतर अंकिता यांनी वाहिनीला मुलाखत दिली. आपण ओळखत होतो तो सुशांत नैराश्यात जाणारा नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. जवळचा माणूस गमावलेल्या कुणालाही असे वाटू शकते. तसे वाटणे आणि तो पुरावा असणे यांत फरक आहे. वाहिन्यांनी तो फरक पुसून टाकला.

मग मालिकेची ठरलेली मांडणी बातम्यांत उतरली. एक सोशिक, घरंदाज, निष्ठावान स्त्री आणि दुसरी पुरुषाला नादी लावणारी, पैशावर डोळा असलेली. अंकिता यांना अर्चनाच्याच रूपात बसवले गेले आणि रिया यांना खलनायिकेच्या. रिया यांच्यावर काळी जादू केल्याचा आरोप झाला, त्यांना ‘विषकन्या’ म्हटले गेले. बाईवर करणीचा आळ घेऊन तिला गावाबाहेर काढणे, प्रसंगी जिवे मारणे, हा प्रकार या महाराष्ट्राने पाहिला आहे. म्हणून तर डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर 2013 मध्ये इथे जादूटोणाविरोधी कायदा आला. तोच आळ इंग्रजी-हिंदी स्टुडिओत सुटाबुटात घेतला गेला आणि सुशिक्षित घरांत तो चवीने ऐकला गेला.

चांगली बाई म्हणून उभे केल्याने अंकिताही सुटल्या नाहीत. मालाडच्या ज्या फ्लॅटमध्ये त्या तेव्हा राहत होत्या, त्याचे हप्ते सुशांत भरत होते, अशी बातमी ऑगस्टमध्ये फिरली. अंकिता यांना फ्लॅटच्या नोंदणीची कागदपत्रे आणि बँक खात्याचा तपशील समाजमाध्यमांवर टाकून उत्तर द्यावे लागले. स्वतःच्या कमाईने घर घेणाऱ्या बाईला आपल्या हप्त्यांचा हिशेब जगाला दाखवावा लागतो, यावरून या खटल्याचा पाया कळतो. तिथे कुठलीच स्त्री साक्षीदार नव्हती. प्रत्येकीला पुरुषाच्या नात्यानेच मोजले जात होते.

आणखी एक गोष्ट आपण लक्षात घ्यावी. याच अंकिता लोखंडे यांनी 2019 च्या ‘मणिकर्णिका’ चित्रपटात झलकारीबाईंची भूमिका केली होती. कोरी समाजात जन्मलेली, झाशीच्या लढ्यात लढलेली ही वीरांगना बहुजन चळवळीने जपली. 2020 मध्ये तासन्‌तास अंकिता यांच्याबद्दल बोलणाऱ्यांना अर्चना आठवली. झलकारी त्यांच्या गावीही नव्हती.

न्यायालयांनी काय म्हटले

रिया चक्रवर्ती यांना 8 सप्टेंबर 2020 रोजी अमली पदार्थांच्या प्रकरणात अटक झाली. भायखळा तुरुंगात सुमारे महिनाभर राहिल्यावर 7 ऑक्टोबरला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला. त्या अमली पदार्थ विकणाऱ्यांच्या साखळीचा भाग नाहीत, असे न्यायालयाने नमूद केले. एम्सच्या वैद्यकीय मंडळाने हत्येची शक्यता नाकारली. सुशांत यांच्या नावाने खोटे ट्विट दाखवल्याबद्दल ‘आज तक’ला वृत्तवाहिन्यांच्याच नियामक संस्थेने 1 लाख रुपये दंड केला. 18 जानेवारी 2021 रोजी मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने निकाल दिला की, माध्यमांनी चालवलेला खटला तपासात आणि न्यायदानात अडथळा ठरतो. ‘रिपब्लिक’ आणि ‘टाइम्स नाऊ’ यांचे काही वार्तांकन सकृद्दर्शनी अवमानकारक असल्याचेही खंडपीठाने म्हटले.

म्हणजे कायद्याने आपले काम उशिरा का होईना केले. पण तोवर एका स्त्रीची बदनामी पूर्ण झाली होती. ती भरून देण्याची तरतूद कुठल्याही अहवालात नसते.

त्याच महिन्यांत आपल्याकडे

आता दुसरी बाजू पाहू. सुशांत यांच्या मृत्यूच्या आठवडाभर आधी, पवनेचे पाणी पिणाऱ्या पिंपरी-चिंचवडमध्ये, पिंपळे सौदागर येथे 20 वर्षांच्या एका दलित तरुणाला प्रेमसंबंधाच्या रागातून मारहाण झाली आणि त्यात त्याचा जीव गेला. आंबेडकरी संघटना रस्त्यावर उतरल्या. राष्ट्रीय वाहिन्यांच्या रात्रीच्या चर्चांत मात्र या तरुणाला जागा मिळाली नाही.

29 सप्टेंबर 2020 रोजी हाथरसच्या दलित मुलीने दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात प्राण सोडला. पोलिसांनी घरच्यांना दूर ठेवून त्या रात्रीच तिच्यावर अंत्यसंस्कार उरकले. तेव्हा रिया तुरुंगात होत्या आणि अमली पदार्थांच्या चर्चा जोरात होत्या. हाथरसला कॅमेरे गेले, पण तिच्यावरच्या हल्ल्याला पंधरवडा उलटून गेल्यावर, ती मेल्यावर. 2023 मध्ये विशेष न्यायालयाने चारपैकी तिघांना निर्दोष सोडले आणि एकाला सदोष मनुष्यवधासाठी शिक्षा दिली. त्या दिवशी किती स्टुडिओंत आरडाओरडा झाला?

29 सप्टेंबर ही तारीख आपल्याला आधीपासून माहीत आहे. 2006 मध्ये त्याच दिवशी खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातील चौघांना मारले गेले. सुरुवातीचे कित्येक दिवस ती मोठी बातमीच झाली नाही. ती बातमी केली आपल्या लोकांनी, मोर्चे काढून, लाठ्या खाऊन.

आपल्यालाही असाच खटला हवा आहे का?

इथे आम्हाला तरुण मित्रांशी थोडे स्पष्ट बोलायचे आहे. ‘आमच्या प्रकरणांवरही वाहिन्यांनी अशीच मोहीम चालवावी’ ही मागणी आपल्या सभांत ऐकू येते. त्यामागची वेदना खरी आहे, पण मागणी चुकीची आहे. ज्या यंत्राला पुराव्याची गरज वाटत नाही, ते आज आपल्या बाजूने फिरले तरी उद्या आपल्याच पोरांना ‘नक्षली’, ‘दंगलखोर’ ठरवायला वेळ लावणार नाही. भीमा कोरेगावनंतर हे आपण पाहिले आहे. आरोपीलाही वकील आणि निष्पक्ष सुनावणी मिळाली पाहिजे, हे तत्त्व बाबासाहेबांच्या संविधानात आहे. सगळ्यांत आधी ते गरिबाच्या उपयोगी पडते.

शिवाय धम्म काय सांगतो? ऐकीव आहे म्हणून, सगळे म्हणतात म्हणून, कुणी मोठा माणूस सांगतो म्हणून मानू नका, स्वतः तपासून घ्या, हे बुद्धाने कालामांना सांगितले. चौथे शील खोटे बोलण्यापासून दूर राहण्याचे आहे. न तपासलेला मेसेज पुढे पाठवणे हे त्या शीलाच्या कक्षेत येते, मग तो मेसेज सिनेनटीबद्दल असो की आपल्या विरोधकाबद्दल.

आपली प्रकरणे बहुतेक वेळा हरतात ती न्यायालयात, सगळे विसरल्यावर. नगर जिल्ह्यातील खर्ड्याच्या नितीन आगे याला एप्रिल 2014 मध्ये मारले गेले. त्या वेळी राज्यभर संताप होता. पुढे साक्षीदार एकामागून एक फितूर झाले आणि नोव्हेंबर 2017 मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. खैरलांजीत शिक्षा झाल्या, पण ॲट्रॉसिटी कायदा टिकला नाही. संताप दोन्हीकडे होता. पण साक्षीदाराच्या पाठीशी तो वर्षानुवर्षे उभा राहावा लागतो, तशी व्यवस्था आपल्याकडे फारच थोड्या ठिकाणी आहे.

करण्यासारखे काय आहे

ॲट्रॉसिटी कायद्यात 2015 च्या दुरुस्तीने कलम 15-अ आले. पीडित आणि साक्षीदार यांना संरक्षण, प्रवासखर्च, सुनावणीची माहिती आणि जामिनाच्या वेळी म्हणणे मांडण्याचा हक्क त्यात आहे. तपास डीवायएसपीपेक्षा खालच्या अधिकाऱ्याकडे देता येत नाही आणि तो 60 दिवसांत पूर्ण करायचा असतो. पीडिताची इच्छा असेल तर जिल्हाधिकारी खटल्यासाठी नामवंत वकील नेमू शकतात. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील दक्षता समितीची बैठक दर तीन महिन्यांनी व्हायला हवी. आपल्या जिल्ह्यात ती शेवटची कधी झाली, तिच्यासमोर किती प्रकरणे आली, हे माहितीच्या अधिकारात विचारता येते.

लोणावळा, कामशेत, वडगाव, तळेगाव, देहूरोड इथल्या प्रत्येक विहाराने आपल्या भागातील एका प्रकरणाची जबाबदारी घ्यावी. एका वहीत तारखा लिहाव्यात. प्रत्येक तारखेला दोन तरुणांनी पीडित कुटुंबासोबत न्यायालयात जावे. साक्षीदाराच्या घरी दर महिन्याला जाऊन यावे. याची रील बनत नाही. पण साक्षीदार फुटतो तो भीतीने आणि एकटेपणाने, आणि सोबत असली की यातल्या एकावर तरी उपाय होतो.

हे विहारानेच का करावे, याचे उत्तर मावळाच्या मातीत आहे. कार्ल्याच्या चैत्यात दान देणाऱ्यांची नावे खांबांवर, दारांवर कोरली आहेत. त्यांत श्रेष्ठी आहेत, यवन आहेत, सुतार आहे, सुगंधी द्रव्ये विकणाराही आहे. कोण, कुठला, काय धंदा करणारा आणि त्याने काय दिले, याची ती नोंद आहे. दोन हजार वर्षांनी 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली, तीही कष्टकऱ्यांच्याच वस्तीत. ‘मूकनायक’ त्यांनी 1920 मध्ये काढला. 2020 हे त्याचे शताब्दी वर्ष होते. बोलता न येणाऱ्यांची बाजू मांडण्याचे ते काम वाहिन्यांकडून होणार नाही.

येत्या रविवारच्या वंदनेनंतर आपल्या विहारात एवढाच प्रश्न विचारा: आपल्या भागातील कोणते प्रकरण सध्या न्यायालयात आहे आणि त्याची पुढची तारीख कधी आहे? उत्तर कुणाकडेच नसेल, तर काम तिथूनच सुरू होते.

जय भीम. नमो बुद्धाय.