खोदकामाच्या परवान्यातच जमिनीच्या उद्धाराची तरतूद हवी

घरे व रस्ते यांसाठी रेती, खडी व मुरूम लागतात आणि ते भूमीच्या पोटातूनच काढावे लागतात, याविषयी वाद नाही. अंबरनाथच्या शिवमंदिरात शके ९८२ चा शिलालेख आहे. ते मंदिरही काळ्या दगडाचेच आहे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. पुढे अंबरनाथ व बदलापूर यांचीही झपाट्याने वाढ झाली आणि दगड-मुरमाची मागणी कितीतरी पटींनी वाढली. तेव्हा खोदावे की न खोदावे, हा खरा प्रश्न नव्हे. खोदून झाल्यावर त्या जमिनीचे काय व्हावे, हे केव्हा ठरवावयाचे, हा प्रश्न आहे. ते पहिली कुदळ पडण्यापूर्वीच ठरले पाहिजे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने हिशेब सोपा आहे. एक एकर भातजमिनीवरील सहा इंचांची माती म्हणजे सुमारे २१८ ब्रास. ही माती प्रथम काढून सहा फूट उंचीच्या ढिगात रचली, तर चाळीस गुंठ्यांपैकी सुमारे पाच गुंठे जागा अडते. ढिगावर ताग पेरला म्हणजे पावसात माती वाहून जात नाही. एवढी दक्षता न घेतल्यास सुपीक माती मुरमात मिसळून गाडीने निघून जाते. ती पुन्हा घडविणे एका पिढीचे काम नव्हे, आणि मुरमाचा पैसा तर दोन-चार वर्षांतच संपतो.

यास्तव खोदकाम तुकड्या-तुकड्यांनी व्हावे. पहिला तुकडा संपताच त्यात खालची माती खाली व वरची वर, याच क्रमाने भरावी आणि मगच दुसरा तुकडा उघडावा. अशा जमिनीत लगेच भाताची अपेक्षा धरू नये. चिखलणीने पाणी धरणारा घट्ट थर पुन्हा तयार होण्यास अवधी लागतो. आरंभी ताग, गिरिपुष्पाचा पाला व शेणखत यांनी जमीन सुधारावी, नाचणी घ्यावी व त्यानंतर भाताकडे वळावे. २०१७ साली सुरू झालेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेने तलावातील गाळ शेतात नेण्याचा मार्ग दाखविला आहे. जेथे मूळची माती अपुरी पडेल, तेथे असा गाळ परीक्षण करून वापरता येईल.

परंतु खड्डा भरणे म्हणजेच जमिनीचा उद्धार, असे समजणे चुकीचे होय. इमारतींचा राडारोडा, शहराचा कचरा अथवा कारखान्यांतील टाकाऊ पदार्थ यांनी भरलेली जमीन सपाट दिसते, पण ती पिकत नाही. शिवाय शेजारच्या विहिरी नासतात. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती. उल्हासकाठची सखल जमीन भराव घालून उंच केली, तर पुराचे पाणी शेजाऱ्याच्या शेतात व घरात शिरणारच. अशा जागी खड्ड्याचे तळे करणे हेच शहाणपणाचे.

नदीतील रेतीचा विचार निराळा. रेतीचा थर काठच्या विहिरींस पाणी पुरवितो. पात्र फार खोल गेले की विहिरी आटतात व काठ ढासळतो. म्हणूनच केंद्र शासनाच्या २०१६ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी तीन मीटर किंवा पाण्याची पातळी, यांपैकी जे आधी लागेल तेथे थांबण्यास सांगितले आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली दीपक कुमार प्रकरणात पाच हेक्टरांहून लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण-मंजुरी आवश्यक ठरविली. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ अन्वये विनापरवाना उत्खननास दंड आहे. परंतु दंडाने गेलेली माती परत येत नाही. परवान्यासोबतच जमीन पूर्ववत करण्याचा नकाशा, मुदत व त्यासाठी पुरेशी अनामत रक्कम घेतली जावी. आणि ग्रामसभेने जमीन पाहिल्यावाचून ती रक्कम परत केली जाऊ नये.

शेतकरी बंधूंनीही मुरमाचा करार करताना केवळ ब्रासचा दर पाहू नये. खोली किती, माती कोठे ठेवणार, जमीन कोणत्या हंगामापूर्वी परत मिळणार, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्याव्यात. ज्या करारात त्या नाहीत, त्यावर सही न करणेच हिताचे.