घरचा संगणक : वायफाय रुसले तर

पीकविम्याच्या अर्जाची शेवटची तारीख, आणि विंडोजच्या अपडेटनंतर लॅपटॉपचे वायफाय बंद! मोबाइलला मात्र नेट आहे. मंडळी, घाबरू नका. मोबाइल वायरने जोडा, ‘यूएसबी टेदरिंग’ सुरू करा आणि आधी अर्ज भरा.

मग दुरुस्ती. वायफायचा भाग आणि विंडोज यांच्यामधला दुभाषा म्हणजे ड्रायव्हर. बहुधा तोच चुकलेला असतो. स्टार्टवर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडा. ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली वायफायच्या नावावर दोनदा क्लिक करा. ‘ड्रायव्हर’ पानावर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबा. जुना ड्रायव्हर परत येतो. बटण फिके असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या संकेतस्थळावरून आपल्या मॉडेलचाच ड्रायव्हर घ्या. जाहिरातीतला फुकट ड्रायव्हर नको. पिशवीवर नाव नसलेले बियाणे आपण पेरतो का?