नऊ वाजताची नऊ घोंगडी

रात्रीचे नऊ वाजले की आमच्या घरी वरणभाताबरोबर भांडणही वाढलं जातं. टीव्हीवर आठ चौकटी, आठ तोंडं आणि मधोमध ओरडणारा एक सूत्रसंचालक. "देशाला उत्तर हवंय!" आता मीही याच देशात राहतो, कर भरतो, रेशनकार्डावर माझं नाव आहे. पण काय हवंय, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. विचारलंच तर सांगेन, बाबा रे, जरा आवाज कमी हवाय!

परवा माळा आवरताना न्यायशास्त्रावरचं एक जुनं पुस्तक हाती लागलं. गौतममुनी भलतेच बेरके दिसतात. केबल यायच्या कितीतरी शतकं आधी त्यांनी चर्चेचे तीन प्रकार सांगून ठेवलेत. सत्य शोधायचं तो वाद. काहीही करून जिंकायचं तो जल्प. आणि स्वतःचं काहीच म्हणणं नसताना दुसऱ्याचं मोडत सुटायचं ती वितंडा. म्हणजे 'वाद घालू नका' असं आपण उगाच म्हणतो. वाद घालतोय कोण?

छलाचं जुनं उदाहरण तर झकासच आहे. कुणीतरी म्हणतो, "हा मुलगा नवकंबल आहे." म्हणजे त्याच्या अंगावर नवी घोंगडी आहे. लगेच दुसरा उसळतो, "नऊ कुठायत? एकच तर दिसतेय!" संस्कृतात 'नव' म्हणजे नवीन, तसंच नऊही. एकाने डाळ महागली म्हणावं आणि दुसऱ्याने "म्हणजे देशाची प्रगती तुम्हाला बघवत नाही!" म्हणावं, हीसुद्धा तीच घोंगडी. डाळीचं घोंगडं मात्र भिजतच!

चर्चेत माणूस हरला असं समजायच्या गौतमांनी २२ जागा सांगितल्या आहेत. एका रात्री मी कागद-पेन्सिल घेऊन मोजायला बसलो. स्वतःवरचा आरोप न खोडता "तुम्ही तरी काय दिवे लावलेत?" असं उलट विचारणं ही मतानुज्ञा. तिच्या रेघा मारता मारता पेन्सिलीचं टोक मोडलं. कामाची सबब सांगून चर्चा मध्येच सोडणं हा विक्षेप. तो खुद्द सूत्रसंचालक करतो. जाहिराती लागतात ना!

आप्ताचं वाक्य गौतम पुरावा म्हणून मानतात. आप्त म्हणजे विषय जाणणारा, खात्रीचा माणूस. आम्ही ते पद चौकटीतल्या माणसाला देऊन टाकलं. १ जून २०२४च्या संध्याकाळी मतदानोत्तर चाचण्यांनी सत्ताधारी आघाडीला साडेतीनशेच्या पुढे नेऊन बसवलं, काहींनी तर चारशेच्या. ३ जूनला सेन्सेक्स अडीच हजारांनी चढला. ४ जूनला जागा निघाल्या २९३ आणि सेन्सेक्स चार हजारांहून जास्त घसरला. आणि ती तोंडं? त्याच चौकटींत बसून, असं का झालं ते आम्हाला शिकवू लागली! २००४ सालीही चाचण्या अशाच तोंडावर आपटल्या होत्या, पण कुणाची खुर्ची गेल्याचं ऐकिवात नाही. आमच्या पोस्टमनने दोनदा चुकीच्या घरी पत्र टाकलं असतं तर सोसायटीने सभा भरवली असती.

आमच्या साडूभाऊंनी ३ जूनलाच ग्रॅच्युइटीतले पैसे काढून शेअर घेतले. "अहो, सगळे चॅनेलवाले सांगताहेत, सगळे कसे चुकतील?" सगळ्यांनी एकाच विहिरीचं पाणी प्यायलं असेल तर सगळ्यांचंच पोट बिघडेल, हे मी तेव्हा त्यांना सांगायला हवं होतं. मला ते सुचलं ४ जूनला दुपारी. मी फोन केला आणि सूत्रसंचालकाच्या आवाजात ओरडलो, "देशाला उत्तर हवंय!" फोन खाली ठेवल्याचा आवाज तेवढा आला.

तीस वर्षं आमची दिवाळी एकत्र व्हायची. त्या दिवाळीला मेव्हणीबाई अनारशांचा डबा घेऊन एकट्याच आल्या. "यांना जरा बरं नाहीये," म्हणाल्या. शेअर त्यानंतर वर आले असं ऐकतो. नऊ वाजले होते. हिने उठून टीव्ही बंद केला आणि काही न बोलता फोन माझ्यापुढे आणून ठेवला.