अमूर्त छायाचित्रमाला: माळ की रास?

छायाचित्रांची प्रदर्शने हल्ली वारंवार भरतात, ही आनंदाची गोष्ट होय. परंतु त्यांत 'अमूर्त कथा' ह्या नावाखाली जे काही भिंतीवर टांगले जाते, त्याविषयी चार शब्द स्पष्ट बोलणे आम्हांस अवश्य वाटते. भिंतीची ओल, पाण्यावरील तरंग, गंजका पत्रा, धुके अशी पंधरावीस चित्रे एका ओळीत लावावयाची, शेजारी दुर्बोध गद्याचा फलक डकवावयाचा, आणि कोणी 'ह्यांत कथा कोठे आहे?' असे विचारताच 'अमूर्तात क्रम नसतो, ज्याने त्याने आपला अर्थ शोधावा' असे सांगून त्याला अरसिक ठरवावयाचे, असा हा संप्रदाय आहे. तिकीट काढून मुलाबाळांसह आलेला बिचारा गृहस्थ ओशाळून पुढे सरकतो. वस्तुतः ओशाळावयाचे ते मांडणी करणाऱ्याने.

क्रम नसतो हे विधानच मुळी खोटे आहे. मूर्त चित्रांच्या मालेत क्रम थोडा चुकला तरी निभावते. लग्नाच्या छायाचित्रांत सप्तपदी आधी आणि अंतरपाट मागून आला, तरी पाहणारा मनातल्या मनात ती चूक सुधारून घेतो. कारण विधी त्याला ठाऊक असतो. अमूर्त चित्राला असा बाहेरचा टेकू नाही. त्यात ना गाव, ना माणूस, ना प्रसंग. उजेड, काळोख, आकार, पोत आणि शेजारचे चित्र, एवढेच त्याचे भांडवल. तेव्हा क्रमाची खरी निकड कोठे असेल, तर ती येथेच.

ही मंडळी ज्याचा दाखला देतात, तो अमेरिकन छायाचित्रकार आल्फ्रेड स्टीग्लिट्झ. त्याच्या चित्रांचे सामर्थ्य समोर बसणाऱ्या माणसांवर तो जी मोहिनी घालतो तीत आहे, असे एका लेखकाने म्हटले होते. तेव्हा ज्यांच्यावर कोणाची मोहिनी चालत नाही आणि जे सर्वांना फुकट मिळतात, असे ढगच त्याने १९२२ साली लेक जॉर्ज येथे विषयासाठी घेतले. पहिल्या दहा चित्रांच्या मालेला त्याने नाव दिले 'संगीत'. पुढे १९२५पासून ह्या ढगांना तो 'इक्विव्हॅलंट्स', म्हणजे मनातील भावाशी तुल्य अशी चित्रे, म्हणू लागला. त्यांतील कित्येकांत क्षितिजही नाही. आता प्रतिपक्षी म्हणतात, स्टीग्लिट्झने पुढे आपल्या चित्रांचे गट बदलले, काही चित्रे फिरवूनही लावली. मग क्रमाचे स्तोम कशाला?

ह्याचे उत्तर त्या 'संगीत' नावातच आहे, आणि ते आपल्या लोकांना तरी समजावून सांगावे लागू नये. भूप आणि देशकार ह्या दोन रागांचे स्वर तेच पाच: सा, रे, ग, प, ध. भूपात गंधाराचे राज्य, देशकारात धैवताचे. चलन निराळे, म्हणून एक रात्रीचा आणि दुसरा सकाळचा. स्वर तेच असून राग दोन झाले, ह्यावरून स्वर कसेही लावावेत असे कोणता गवई म्हणेल? स्टीग्लिट्झने गट बदलला, तेव्हा त्याने दुसरी रचना केली. पत्ते पिसले नाहीत.

निवडीची गोष्ट तर बोलावयासच नको. रॉबर्ट फ्रँकचे १९५८ साली पॅरिसला निघालेले पुस्तक अमूर्त नव्हे, हे आम्ही जाणतो. पण सुमारे २८,००० छायाचित्रांतून त्याने त्यात घेतली अवघी ८३. आमच्याकडे मात्र काढलेले प्रत्येक चित्र लाडक्या लेकरासारखे भिंतीवर चढते. दुसऱ्या चित्राच्या कोपऱ्यातला काळोख चौथ्यात पसरावा, सहाव्यात विरावा, मध्ये हातभर कोरी भिंत सोडावी, एखादे उत्तम चित्रही मालेच्या ओघात बसत नाही म्हणून घरी ठेवावे, हे कष्ट घेतो कोण? ते टळावेत म्हणूनच तो फलक असतो.

आमची सूचना साधी आहे. उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी फलक उतरवावा आणि मांडणी करणाऱ्याच्या माघारी कोणीतरी तिसरे व नववे चित्र अदलून बदलून ठेवावे. सकाळी त्याच्या ते ध्यानात आले नाही, तर त्या दिवशी निदान तिकीट तरी घेऊ नये.