वेबला सभासद हवेत

वेब आज कोऱ्या कागदावर नव्यानं आखायचं झालं तर सुरुवात कुठून करायची, हा वाद बहुधा कॅलिफोर्नियात सुरू होतो आणि तिथंच संपतो. आपण तो वारणानगरपासून सुरू करायला हरकत नाही. 1998 मध्ये केंद्र सरकारच्या माहिती तंत्रज्ञान कृतिदलाच्या पुढाकारानं कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली, वारणा नदीच्या दोन्ही बाजूंची सुमारे 70 गावं संगणकानं जोडण्याचा प्रकल्प इथं उभा राहिला. खर्च अडीच कोटींच्या घरात. निम्मा केंद्राचा, 40 टक्के राज्याचा आणि उरलेला इथल्या सहकारी साखर कारखान्याभोवती उभ्या राहिलेल्या वारणा समूहाचा. गावागावांत संगणक केंद्रं आली. बाजारभाव, पिकांची माहिती, सरकारी योजना, जमिनीचे दाखले, शिक्षण असं सगळं त्यातून मिळणार होतं. प्रत्यक्षात शेतकऱ्यांनी ती केंद्रं मुख्यतः एकाच कामासाठी वापरली, ती म्हणजे ऊस. लागणीची नोंद, तोडीची पावती, काट्यावर भरलेलं टनेज, उचललेलं खत आणि बिलाचा हिशेब. पुढं 2006-07 च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळुरूच्या संशोधकांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाइल आणि एसएमएस वापरून तेच काम करून पाहिलं आणि ते स्वस्तात झालं.

यावरून बऱ्याच पाहुण्या अभ्यासकांनी निष्कर्ष काढला की गावाला इंटरनेट दिलं, पण गावानं ते वापरलं नाही. मला हा निष्कर्ष उलटा वाटतो. गावानं नेमकं तेच वापरलं, जिथं त्याचा हक्क कागदावर लागलेला होता. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, आडसाली की खोडवा, लागण कोणत्या तारखेची, यांतली तारीख चुकली तर तोड महिनाभर पुढं जाते, ऊस उभ्या उभ्या वाळतो आणि पुढचं पीक लांबतं. म्हणून माणूस ती नोंद स्वतः बघतो, चुकली असेल तर कारखान्याच्या नोंदी घेणाऱ्या चिटबॉयला धरतो आणि तिथं दाद लागली नाही तर थेट गट ऑफिस गाठतो. नोंद त्याची आहे आणि ती ठेवणारा कारखानाही, निदान कागदोपत्री, त्याचाच आहे. उरलेल्या वेबवर यांतलं काहीच नव्हतं.

टिम बर्नर्स-ली यांनी 1989 मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत वेबचा आराखडा मांडला, तो शास्त्रज्ञांना एकमेकांची कागदपत्रं वाचता यावीत म्हणून. कागद मागायचा, कागद द्यायचा आणि विसरून जायचं, एवढाच व्यवहार. मागणारा कोण, पैसे कसे द्यायचे, त्याच्याबद्दलची नोंद कुणाकडं राहणार, याला मूळ आराखड्यात जागाच नव्हती. दुकानं थाटायची वेळ आली तेव्हा ठिगळं लागली. 1994 मध्ये नेटस्केपच्या ब्राउझरमध्ये ‘कुकी’ आली आणि संकेतस्थळाला गिऱ्हाईक ओळखता येऊ लागलं. त्याच वर्षी पट्टीच्या जाहिराती सुरू झाल्या. पैसे भरण्यासाठी वेबच्या नियमावलीत पुढं राखून ठेवलेला 402 हा संकेत मात्र जवळपास वापराविना पडून राहिला. ओळख आणि पैसा या दोन्ही रिकाम्या जागा मग जाहिरात कंपन्यांनी भरल्या आणि नोंदवही त्यांच्या कपाटात गेली. ऊसबिलावर भागभांडवल, सोसायटीचं कर्ज, ठेव असं काय काय कापलं ते ओळीनं छापलेलं असतं आणि त्यावर चिडायला, भांडायला तरी वाव असतो. फुकट मिळणाऱ्या ॲपची कपात कुठंच छापलेली नसते.

बर्नर्स-ली यांनाही हे खटकतं. त्यांचा ‘सॉलिड’ प्रकल्प सांगतो, की प्रत्येकाचा डेटा त्याच्या स्वतःच्या कोठारात राहावा आणि ॲपनं तो परवानगीनं वापरावा. दिशा बरोबर आहे, पण वारणेच्या काठावर ही युक्ती अपुरी वाटेल. ऊस तुटला की त्याचं वजन आणि उतारा घटायला लागतो. एकेकटा शेतकरी ट्रॉली भरून कारखान्याच्या दारात उभा राहिला तर मिळेल तो भाव घेण्यावाचून त्याला गत्यंतर नसतं. तात्यासाहेब कोरे यांनी इथं सहकारी कारखाना उभारला त्यामागं हेच गणित होतं. एकट्याच्या डेटाचंही तेच आहे. माझ्या एकट्याच्या माहितीला कुणी दमडी देणार नाही, लाखो लोकांची एकत्र झाली की तिच्यावर साम्राज्यं उभी राहतात. प्रत्येकाला स्वतंत्र कुलूप देऊन हा सौदा बदलणार नाही. पहिल्या रेघेपासून आखणी करायची तर आराखड्यातच सभासदत्व हवं: नोंदींचा साठा सभासदांच्या संस्थेकडं, वापराच्या अटी आणि मोबदला संस्थेनं ठरवायचा, आणि हिशेब दरवर्षी सभेपुढं.

सहकाराचं नाव काढलं की पश्चिम महाराष्ट्रातला वाचक हसणार, आणि त्याला कारण आहे. काटामारीच्या तक्रारी, घराणेशाही, वार्षिक सभेत दहा मिनिटांत ‘मंजूर, मंजूर’ म्हणत उरकलेले विषय, हे सगळं आपण पाहिलं आहे. अशांच्या हाती डेटा द्यायचा? पण तक्रार करायला इथं काटा तरी समोर आहे. 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशानं 14 दिवसांत पैसे देणं बंधनकारक आहे, उशीर झाला तर 15 टक्के व्याज आहे. जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत दराची मागणी ठरते, वाहतूक अडते आणि कारखानदार चर्चेला बसतात. सहकार बिघडला तर तो कुठं बिघडला हे दाखवता येतं. मोठ्या समाजमाध्यमानं उद्या अटी बदलल्या तर आपण कुणाची ट्रॉली अडवणार?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. वेब वाढलं ते कुणाच्या परवानगीवाचून. सर्ननं 1993 मध्ये त्याचं तंत्र सर्वांना मोफत खुलं केलं म्हणून ते जगभर पोचलं. सभासद अर्ज आणि शेअर्सची अट असती तर वेब जन्मतःच गुदमरलं असतं, हे मान्यच करायला हवं. म्हणून कुंपण वाचण्याला, लिहिण्याला किंवा दुवा देण्याला नको. माणसाबद्दलची नोंद साठवण्याला हवं. लेख कुणीही वाचावा, पण वाचणाऱ्याची वही त्याच्या संस्थेबाहेर जाऊ नये. यानं काही सेवा महाग होतील, काही फुकट राहणार नाहीत. ती किंमत निदान बिलावर दिसेल.

हा विचार दूरच्या वेबपुरता नाही. महाराष्ट्रात आता शेतकऱ्याला ओळख क्रमांक दिला जात आहे. त्याला जमीन आणि पीक जोडलं जातं आहे आणि कृषी योजनांसाठी तो सक्तीचा झाला आहे. म्हणजे आपल्याकडं एक मोठी नोंदवही खरोखरच कोऱ्या कागदापासून लिहिली जात आहे. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यानं संमतीची तरतूद केली, पण संमती एकेकट्याची, आणि योजना हवी असेल तर ‘मान्य आहे’ या बटणावाचून दुसरा रस्ता नाही. बी-बियाणं, खतं, विमा आणि कर्ज विकणाऱ्या प्रत्येकाला ही वही हवी असणार. ती कोणी, कधी, कशासाठी उघडली याची यादी शेतकऱ्याला गावातल्या सेवा केंद्रात लागण नोंदीइतक्या सहज मिळाली पाहिजे आणि खासगी वापराच्या अटी शेतकऱ्यांच्या संस्थांशी बोलून ठरल्या पाहिजेत. विकास सोसायट्या, दूध संघ, कारखाने आपापल्या येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय घेऊ शकतात. अहवालाच्या छपाईआधी तो विषयपत्रिकेवर घाला, एवढंच संचालकांना सांगायचं आहे.